व्हेंटिलेटर नंतर, आधी श्वास मोजायला शिकवा

पत्र: मी अतिदक्षता विभागात सहायक प्राध्यापिका आहे. यंदापासून वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं दोन-दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे येऊ लागली आहेत, एका वेळी आठ जण. मी मोठ्या उत्साहानं व्हेंटिलेटरचे मोड (श्वास देण्याच्या पद्धती), ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी), इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारी औषधं), सेप्सिस (संसर्गामुळं अवयव निकामी होऊ लागणं) अशी व्याख्यानं तयार केली. मुलं वह्या भरतात, पण बेडपाशी नेलं की पायथ्याशी घोळका करून मॉनिटरकडे बघत राहतात. काही विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आमचे वरिष्ठ म्हणतात, ‘पदवीच्या मुलांना आयसीयू कशाला शिकवायचं? ज्याला लागेल तो पुढं शिकेल.’ सिस्टर म्हणतात, नुसती गर्दी होते. गेल्या आठवड्यात मुलांच्या डोळ्यांदेखत एक पेशंट गेला, आणि त्यांच्यातली एक मुलगी जिन्यात बसून रडत होती. तिला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. माझं चुकतंय कुठं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या वरिष्ठांचा प्रश्न घेते, कारण बाकी सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. या आठ जणांपैकी कदाचित एखादाच पुढं आयसीयूत काम करेल, कदाचित एकही नाही. पण वर्षभरात आठही जण कुठल्या ना कुठल्या वॉर्डात रात्रपाळीला असतील. पहाटे तीन वाजता सिस्टर उठवतील, ‘डॉक्टर, पाच नंबरचा पेशंट मला बरा वाटत नाही, जरा बघता?’ वरिष्ठ त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेले असतील, नाहीतर घरी. तो पेशंट अजून आयसीयूत आलेला नसतो. तो वेळेत येईल की नाही आणि आला तर कुठल्या अवस्थेत येईल, हे त्या पोराला पुढच्या अर्ध्या तासात काय दिसतं यावर ठरतं. तुम्हाला शिकवायचा आहे तो हा अर्धा तास. तुमच्याकडे बारा-पंधरा अत्यवस्थ पेशंट एका छताखाली आहेत आणि शेजारी तुमच्यासारखी जाणती व्यक्ती उभी आहे. हे शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठली असणार?

मी हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. इंटर्न असताना एका रात्री मला न्यूमोनियाच्या एका बाईंसाठी बोलावणं आलं. मी चार्ट पाहिला. श्वासाच्या रकान्यात दिवसभर १८, १८, १८, १८. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ टक्के. मी म्हटलं ठीक आहे, सकाळी बघू. पण निघताना बाईंनी माझा हात धरला, आणि त्यांना एक वाक्य सलग बोलता येईना. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. मी घड्याळ लावून मोजलं, ३६ भरले. तो १८ चा आकडा कुणी मोजलेलाच नव्हता, आधीच्या ओळीवरून खाली उतरवला गेला होता. दुपारी ज्यांनी चार्ट भरला त्यांनी, संध्याकाळी भरला त्यांनी, आणि त्या दिवशी सकाळी मी स्वतःसुद्धा. बाई वाचल्या, पण तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहून. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तुकडीचा पहिला धडा ठरलेला आहे. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा.

म्हणून तुमची व्याख्यानं निम्मी करा, आणि उरलेली पुन्हा निम्मी. मोड काढून टाका. इनोट्रोपचे डोस काढा, डायलिसिस मशीनच्या सेटिंग काढा, आजाराच्या तीव्रतेचे मोठाले स्कोअर काढा. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्यांना ते आज लागणार नाही आणि लागेल तोवर विसरलेलं असेल. श्वास बिघडतोय, रक्ताभिसरण बिघडतंय किंवा शुद्ध हरपतेय हे ओळखणं, पहिल्या पाच मिनिटांत हातानं काय करायचं, आणि कुणाला, कसं बोलवायचं, एवढं ठेवा. दोन आठवड्यांत एवढं अंगात मुरलं तरी पुष्कळ.

आता तो बेडच्या पायथ्याशी उभा राहणारा घोळका. मुलं मॉनिटरकडे बघतात, कारण त्या खोलीत त्यांना वाचता येईल अशी ती एकच गोष्ट असते. तुम्ही मुलांना मॉनिटरकडे पाठ करून उभं करा. तुमचं तोंड मात्र मॉनिटरकडे असू द्या, म्हणजे पेशंटवरची नजर हटत नाही आणि कुठला अलार्मही बंद करावा लागत नाही. स्वतः श्वास घेणारा एखादा पेशंट निवडा. त्याला नावानं हाक मारा, आपण कोण, ही मुलं कोण, काय करणार आहोत ते सांगा आणि त्याची परवानगी घ्या. मग मुलांना म्हणा, एक मिनिट मोजा, बोलायचं नाही, आकडा कागदावर लिहा.

आठ कागद उलटले की आठ आकडे निघतील. माझ्या अनुभवात २० पासून ३२ पर्यंत काहीही येतं. कुणी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं असतं, कुणी चादरीकडे बघत असतं, कुणी मध्येच गोंधळून पुन्हा सुरुवात केलेली असते. कुणाचंही हसं होऊ देऊ नका. सगळ्यांनी पुन्हा मोजायचं. दुसऱ्या खेपेला आकडे जवळ येतात आणि मुलांना आणखीही काही दिसू लागतं. मानेचे स्नायू ताणले जाताहेत, नाकपुड्या फुलताहेत, पोट आणि छाती एकमेकांच्या उलट हलताहेत. हे तुम्ही सांगायचं नाही. ‘अजून काय दिसलं?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. त्या शांततेत तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

मग विचारा, फुफ्फुसं चांगली असूनही श्वास का वाढेल? इथं पहिल्या वर्षाचं शरीरक्रियाशास्त्र जिवंत होतं. पेशींना रक्त पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं, आणि शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते आम्ल सावरायला बघतं. बीपी अजून ठीक असतं, पण श्वास आधीच बोलू लागलेला असतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली जी राष्ट्रीय पूर्वसूचना गुणपद्धत आली, तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एकाच गोष्टीला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण मिळतात. हे मुलांना जरूर सांगा, पण मोजून झाल्यावर.

आणि याच बैठकीत सॅच्युरेशनचा सापळा दाखवा. ऑपरेशननंतरचा पेशंट, मॉर्फिन दिलेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सॅच्युरेशन ९७. श्वास मिनिटाला ७. हाक मारली तर डोळे उघडतो आणि पुन्हा झोपतो. मुलांना विचारा, याला सोडून जाल का? बहुतेक जण हो म्हणतील. ऑक्सिजन बाहेरून मिळत असला की सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहतं, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो साठा बोटाला लावलेल्या चिमट्याला दिसत नाही.

इथं त्यांना कोपनहेगनची हकिगत सांगा. आपली ही सगळी वैद्यकशाखा त्या एका घटनेतून उभी राहिली, आणि ती विद्यार्थ्यांच्या हातांनी उभी केली. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथं पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट रोज येत होते, आणि त्यांच्यासाठी होती फक्त एक लोखंडी फुफ्फुसाची टाकी (पेशंटला आत ठेवून श्वास देणारी) आणि छातीवर बांधायची सहा यंत्रं. पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ गेले. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसे, तेव्हा डॉक्टरांना तो कसला तरी गूढ अल्कलोसिस (रक्तातलं आम्ल कमी होणं) वाटे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी ओळखलं की यात गूढ काही नाही, श्वास पुरत नाही म्हणून वायू साठतोय. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग प्रश्न आला, इतक्या पेशंटच्या पिशव्या रात्रंदिवस दाबणार कोण? विद्यार्थी आले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, उशाशी बसून पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू केला. तो जगातला पहिला मानतात. तुमच्या वरिष्ठांनाही ही हकिगत सांगून बघा.

हकिगत संपली की लगेच पुतळ्यावर पिशवी आणि मास्क मुलांच्या हातात द्या. श्वासनळीत ट्यूब टाकायला शिकवायच्या मागं लागू नका. दोन आठवड्यांत ते येत नाही, आणि अर्धवट येणं पेशंटच्या जिवावर बेततं. मास्क धरणं मात्र प्रत्येकाला आलंच पाहिजे. दोघांनी मिळून करायचं. एकानं दोन्ही हातांनी जबडा वर उचलून मास्क घट्ट बसवायचा, दुसऱ्यानं पिशवी दाबायची. सगळी मुलं घाईघाईनं आणि जोरात दाबतात. घड्याळ लावून सहा सेकंदांना एक श्वास द्यायला लावा, छाती जेमतेम उचलली जाईल इतकाच. पाच मिनिटांत हात भरून येतात. कोपनहेगनची ती मुलं पाळीभर हेच करत बसली होती, हे तेव्हा त्यांना खरं कळतं.

रक्ताभिसरण शिकवायला यंत्र लागतच नाही. तळहाताच्या मागच्या बाजूनं पेशंटचा हात चाचपा, मग कोपरापर्यंत वर या. गारवा कुठं संपतो? गुडघ्यांवर जाळीसारखे जांभळट डाग आहेत का? बोटाच्या टोकावर दहा सेकंद दाब देऊन सोडलं तर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का? लघवीच्या पिशवीत गेल्या तासात किती आलं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात सेप्टिक शॉकचे (संसर्गामुळं रक्ताभिसरण कोसळण्याचे) उपचार एका गटात रक्तातलं लॅक्टेट बघून आणि दुसऱ्या गटात हा बोटाचा रंग बघून ठरवले होते. बोट बघणारा गट मागं पडला नाही. हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्याजवळ काहीच नाही असं त्यांना वाटत असतं, आणि अचानक कळतं की स्वतःचं बोट हेही एक उपकरण आहे.

व्हेंटिलेटर अगदीच वगळा असं मी म्हणत नाही. एक धडा घ्या, एकच, आणि तो मोजपट्टीचा. एआरडीएसची, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांना तीव्र सूज आलेली, एखादी पेशंट निवडा आणि मुलांना टाचेपासून डोक्यापर्यंत तिची उंची मोजायला सांगा. समजा १६० सेंटिमीटर भरली आणि वजन आहे ८० किलो. फुफ्फुसं उंचीच्या हिशेबानं असतात, वजन वाढलं म्हणून ती मोठी होत नाहीत. उंचीवरून तिचं अपेक्षित वजन निघतं साधारण ५२ किलो. किलोला ६ मिलिलिटर हवा या हिशेबानं एका श्वासाला ३१५ च्या आसपास. प्रत्यक्ष वजन धरलं असतं तर ४८० झाले असते, म्हणजे दीडपट हवा आजारी फुफ्फुसात कोंबली असती. मग २००० सालचा एआरडीएस नेटवर्कचा अभ्यास सांगा. किलोला १२ मिलिलिटरच्या गटात ३९.८ टक्के पेशंट दगावले, ६ मिलिलिटरच्या गटात ३१. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही, नुसते छोटे श्वास. मोडची नावं घोकून जे कळत नाही ते मोजपट्टी हातात घेतल्यावर कळतं.

शिवाय एनआयव्हीचा (घशात नळी न घालता, मास्कमधून दाबानं श्वास देणाऱ्या मशीनचा) स्वच्छ मास्क प्रत्येक मुलाला स्वतःच्या तोंडावर पाच मिनिटं लावायला द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहून. पट्टे आवळा, कमी दाबावर मशीन सुरू करा आणि त्यांना एक वाक्य बोलायला सांगा. त्यानंतर ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं त्यांच्या केस पेपरवर सहजी लिहिलं जात नाही.

आता टेलिफोन. हे कुणी शिकवत नाही, आणि रात्री पेशंट इथंच हातचे जातात. मुलाला शेजारच्या खोलीत पाठवा, तुम्ही वरिष्ठ व्हा, झोपेतून उठल्यासारख्या बोला. पहिल्या खेपेला तो सांगेल, ‘मॅडम, पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, दहा वर्षांपासून मधुमेह, चार दिवसांपूर्वी ताप...’ तिथंच थांबवा. पुन्हा करायला लावा, हवं तर पाच वेळा, जोवर असं येत नाही: ‘मॅडम, मी वॉर्डातून बोलतोय. पाच नंबरच्या पेशंटचा श्वास मिनिटाला ३४ आहे, तासापूर्वी २४ होता. बीपी ८६ वर ५०. हात कोपरापर्यंत गार, बोलणं असंबद्ध. मला सेप्टिक शॉक वाटतोय. ऑक्सिजन लावलाय, सलाइन सुरू केलंय, कल्चर घेतोय. तुम्ही आत्ता यायला हवं.’ शेवटचं वाक्य मुलांच्या तोंडून निघता निघत नाही. वरिष्ठांना ‘या’ म्हणायचं कसं? ते वाक्य तुमच्यासमोर मोठ्यांदा म्हणून घ्या. आणि कुणी चुकीच्या शंकेवरून खरोखरच बोलावलं, तर सगळ्यांदेखत त्याला शाबासकी द्या.

सिस्टरांची तक्रार रास्त आहे. आठ जण एका बेडभोवती म्हणजे गर्दीच. चार-चार करा, आणि चौघं तुमच्याकडे असताना उरलेल्या चौघांना सिस्टरांच्या हाताखाली द्या. नुसतं बघायला नको. पेशंटला कूस बदलून द्यायची, तोंड पुसायचं, सक्शन कसं करतात ते पाहायचं, पाठीवर कुठं लाली आलीय ते शोधायचं. त्या सिस्टरांना राउंडमध्ये शिक्षक म्हणूनच बोलवा आणि मुलांसमोर त्यांचं मत विचारा. ‘पेशंट मला बरा वाटत नाही’ हे वाक्य उद्या याच मुलांना ऐकून घ्यायचं आहे. ते कोण म्हणतं आणि किती जाणून म्हणतं, हे त्यांना आज दिसायला हवं.

एक गोष्ट थोडक्यात. आयसीयूत आकडे सुंदर करण्याचा मोह मोठा असतो, तो मुलांना लागू देऊ नका. नाइस-शुगर अभ्यास २००९ चा आहे, सहा हजारांहून जास्त पेशंटचा. रक्तातली साखर काटेकोरपणे ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्या गटात २७.५ टक्के पेशंट दगावले, १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९. इतकंच सांगा आणि त्यांना विचार करायला सोडा.

परीक्षा घ्यायची तर लेखी नको. एका पेशंटपाशी दहा मिनिटं द्या आणि बघत राहा.

राहिली ती जिन्यातली मुलगी. तुम्हाला काही सुचलं नाही, आणि ‘सवय होईल’ असलं काही तुम्ही बोलला नाहीत, हे मला बरं वाटलं. पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगा की इथं माणसं जातात, तुमच्यासमोरही जातील, त्या वेळी बाहेर जावंसं वाटलं तर जा, रडू आलं तर रडा. आणि कुणी गेलं की त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, सगळ्यांना दहा मिनिटं एका खोलीत बसवा. दार लावा, फोन बाजूला ठेवा. आधी काय पाहिलंत ते विचारा, काय वाटलं ते नंतर. नातेवाइकांशी तुम्ही बोलाल तेव्हा एका मुलाला शेजारी बसवा, चौघांना नको. आणि तिथं ‘मृत्यू’ हा शब्द स्पष्ट उच्चारा, म्हणजे तो कसा उच्चारायचा हे त्यालाही कळेल.

ती मुलगी अजून पोस्टिंगवर असेल तर उद्या राउंडच्या आधी तिला एकटीला गाठा. त्या पेशंटचा चार्ट काढा आणि पहिल्या पानापासून दोघी मिळून वाचा, घाई न करता. कधी आला, कुठल्या रात्री काय बिघडलं, काय दिलं, काय लागू पडलं नाही. आपण काहीतरी करायला हवं होतं, असं बहुधा तिला वाटत असेल. ते काहीतरी काय असावं असं तिला वाटतं, हे विचारा आणि त्याचं खरं उत्तर द्या. एखाद्या ठिकाणी आपलंच काही उशिरा झालं असेल तर तेही लपवू नका. वाचून झालं की तिला कुठल्या बेडपाशी जायला आवडेल ते तिलाच ठरवू द्या, आणि तिथपर्यंत तिच्याबरोबर जा.